बाटलीतलं पाणी

आजवर माझ्या गळाला एकही मासा लागलेला नाही, पण मासेमारीतलं मला सगळं कळतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी बारा नकली मासे मागवले होते. गढूळ पाण्याला भडक केशरी, नितळ पाण्याला चंदेरी. (पाणी पाहूनच आमिष निवडायचं, हे शास्त्र आहे. आमच्या घरी याला खूळ म्हणतात.)

त्या रविवारी आसेगावहून सासरे येणार होते. लग्नाला सहा वर्षं झाली, पण त्यांनी माझं एकदाही कौतुक केलेलं नाही. "मामाजी, या खेपेले माह्या हातचा मासा खाऊ घालतो," असं मी फोनवर सांगून बसलो. आईने मसालाही वाटून ठेवला.

आदल्या दिवशी मालेगावबाहेरच्या तलावावर पोचलो, तोवर अंधारून आलं होतं. पाण्याचा रंग दिसेना, म्हणून बाटली भरून घरी आणली आणि ओट्यावर ठेवली. सकाळी पाहतो तर पाणी एकदम नितळ! मी फक्त एक चंदेरी मासा खिशात टाकला. जाणकार माणूस अख्खं दुकान सोबत नेत नाही.

सासरे आल्यावर त्यांना घेऊन निघालो. तलाव मात्र दुधाच्या चहासारखा दिसत होता.

"जावई, पानी तं गढूळ हाय," सासरे म्हणाले.

"वरवर हाय, मामाजी. म्या बाटलीत तपासलं."

"कनकीचा गोळा लावून पाहता काय?"

"कायले? हे शास्त्र हाय."

चार तास मी शास्त्र फेकत राहिलो. सासरे बाभळीखाली बसून आपली कणीक चिमटीचिमटीने पाण्यात टाकत होते आणि मासे ती मजेत खात होते. शेवटी माझा चंदेरी मासा एका मुळीत अडकला आणि दोरी तुटली. घरून नेलेला मासाही तलावाला देऊन आलो!

आई दारातच उभी होती. "कुठी हाय मासे?"

मी ओट्यावरची बाटली आणून दाखवली. "पान्यानं दगा देल्ला. हे पाय, किती साफ होतं."

"साफ राहीनच ना," आई म्हणाली. "मले वाटलं, तू प्याले नेऊन राह्यला. तुरटी फिरवली म्या."

दुपारी त्या मसाल्यात बटाटे शिजले. मी ताटातला बटाटा कुस्करत बसलो. सासऱ्यांनी मात्र रस्सा ओरपला आणि शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या, विहीणबाई. पोरीसाठी पोरगा पाह्यला तवा म्या बी बाटलीतलंच पानी पाह्यलं होतं."

आईने त्यांना आणखी रस्सा वाढला. "तवा बी तुरटी मीच फिरवली होती, भाऊ."