बाथरूमच्या खिडकीवरचा पुठ्ठा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही पनवेलला राहायला आलो तेव्हा लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. शेजारी दुसरी इमारत चढत होती आणि तिच्या परांचीवरचे मजूर आमच्या बाथरूमच्या खिडकीसमोर उभे असत. खिडकीच्या तिरप्या काचा धूसर होत्या, त्यातून काही दिसणं शक्य नव्हतं. पण मला नवरेपणाचा भारी तोरा. एका रविवारी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि आतून चौकटीला खिळे ठोकून बसवला. बायकोने विचारलं, "हवा कुठून येणार?" मी म्हटलं, "आंघोळ करायची आहे, फिरायला नाही जायचं."

महिन्याभरात छतावर काळे ठिपके आले, गॅसच्या गीझरच्या बरोबर वर. मी स्टुलावर चढून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासले आणि चुना मारला. आठवड्यात ते पुन्हा उमटले आणि पाटावर बसणाऱ्याच्या डोक्याकडे वीतभर सरकले. रोज दार उघडलं की मी आधी वर बघायचो. मला भीती वाटायची, आणि ती मी कुणाला सांगितली नाही.

बायको मात्र सांगायची. "अहो, आत बसलं की वरून कुणीतरी डोकं दाबतंय असं वाटतं. कानात घूं होतं. पाय आपले राहत नाहीत." बाहेर यायची ती पांढरी पडून. मी म्हणायचो, "तुझ्या माहेरची भुतं पत्ता शोधत आली वाटतं." माझ्या आईने गावाहून अंगारा पाठवला, तो बायकोने बाथरूमच्या दाराला लावला.

शेवटी जवळच्या गावातला एक म्हातारा रंगारी बोलावला. त्याने बुरशी खरवडली, छत दोन दिवस वाळू दिलं, मग बुरशी मारायला चुन्यात मोरचूद कालवून हात मारला. जाताना पुठ्ठ्यावर बोट वाजवून म्हणाला, "सायेब, यो काढा. वारा नाय तं बुरशी जानार नाय. आमी कितीबी चुना मारला तरी." मी "बघू" म्हटलं. परांची अजून उभी होती.

पंधरा दिवसांनी, सकाळी, आतून पाण्याचा आवाज एकसारखा येत राहिला. बादली भरून वाहत होती. मी हाक मारली, पुन्हा मारली. ओ नाही. खांद्याने कडी तोडली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, अर्धे उघडे डोळे छताकडे. त्या नव्या चुन्यावर ठिपके परत आले होते. गीझरची ज्योत शांत जळत होती.

तिला गॅलरीत निजवलं. दहा मिनिटांनी शुद्ध आली. डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या जागेत गीझरच्या ज्योतीला हवा पुरत नाही, मग वास नसलेला विषारी वायू साठतो. थोडा उशीर झाला असता तर बाई हाती लागल्या नसत्या. भूतबीत काही नव्हतं. तिला मी कोंडलं होतं.

पुठ्ठा त्याच दुपारी उपटला, गीझर बाहेरच्या गॅलरीत हलवला. छत पुन्हा घासून वाळवलं, त्यानंतर डाग आले नाहीत. संध्याकाळी मी तिची माफी मागितली.  ती म्हणाली, "तुमच्या हाका ऐकू येत होत्या मला. ओ देता येत नव्हतं. वाटलं, आता हे म्हणतील, नाटक करतेय, आणि ऑफिसला निघून जातील."