हवावाले

"समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, वरिष्ठांच्या आदेशानुसार आजपासून हैदराबाद शहरातील हवा रद्द करण्यात आली आहे. नागरिकांनी कृपया एकमेकांना हात न लावता श्वास घ्यावा."

हे निवेदन कुठेही छापून आलं नाही. कोठी भागातल्या आमच्या कचेरीत, माझ्या टेबलामागच्या खिडकीची कडी काढत काढत एका गृहस्थाने ते खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं. मग खिडकी उघडली, बसचा धूर आत आला, माझे कागद उडाले आणि ते समाधानाने खुर्चीत बसले. कुठल्याही खोलीत शिरले की त्यांचं हे ठरलेलं. वर म्हणायचे, "पैले खिडकी खोलो जी, बातां बाद में करिंगे."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो नेहमी बरोबर असतो आणि म्हणूनच सगळ्यांना नकोसा होतो. हे आरोग्य खात्यात निरीक्षक होते. नल्लकुंटा हा त्यांचा भाग. मूळचे परभणीकडच्या बौद्ध कुटुंबातले. वडिलांच्या नोकरीपायी हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. भागातले लोक त्यांना 'हवावाले' म्हणत, काही प्रेमाने, बरेचसे कंटाळून. ते जाऊन आता चार-पाच वर्षं झाली. पण कोंदट खोलीत बसावं लागलं की माझी चिडचिड अजूनही त्यांच्याच आवाजात होते.

मी तेव्हा त्याच खात्याच्या प्रसिद्धी विभागात होतो. साहेब तेलुगू, मसुदा इंग्रजी, आणि शहरातल्या मराठी मंडळींसाठी त्याचं मराठी करणारा कचेरीतला एकमेव विद्वान म्हणजे मी. त्या हिवाळ्यात गोवराची साथ आली. मसुद्यात सरळ लिहिलं होतं की हा विषाणू हवेतून पसरतो. मीही तसंच लिहिलं. पण तेलुगूत हवेला 'गाली' म्हणतात, आणि गाली लागली म्हणजे भूतबाधा झाली असंही म्हणतात. तेलुगू फलक लागले आणि लोक मुलांना घेऊन दवाखान्याऐवजी ताईत बांधायला निघाले.

साहेब वैतागले आणि त्यांनी साहेबांना शोभेल असाच उपाय काढला. फलकांमधून हवा काढून टाका, सगळ्या भाषांतून. त्याऐवजी 'टच' म्हणा. खासगीत त्यांनी मला खरं कारणही सांगितलं. हवेतून पसरतो म्हटलं की लोक विचारणार, मग तुम्ही हवेचं काय करताय? स्पर्शाने पसरतो म्हटलं की ज्याचं त्याने बघावं. मला हे फार हुशारीचं वाटलं. मी लाल शाईने, वळणदार अक्षरात लिहिलं: 'रुग्णाचा स्पर्श टाळा.'

तो फलक पाहूनच हवावाले त्या दिवशी माझ्यावर चालून आले होते. हवा रद्द करून झाल्यावर त्यांनी फलकातल्या 'स्पर्श' या शब्दावर बोट ठेवलं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "लेखकमहाशय, हाच शब्द का निवडलात?"

"सोपा आहे, काका. लोकांना लगेच समजतो."

"लगेच समजतो," ते म्हणाले. "तेच तर."

मला, खरं सांगतो, तेव्हा काही उमगलं नाही. आमचं शेतकऱ्याचं घर. कुणाला शिवायचं आणि कुणाला नाही, हे आमच्या गावात फलक लावून शिकवावं लागत नव्हतं.

पुढे महिनाभर हवावाले खात्याविरुद्ध एकट्याने लढले. त्यांचं हत्यार एकच, उदबत्ती. गल्लीत बायका-माणसं जमवायची, एका कोपऱ्यात उदबत्ती लावायची आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या माणसाला विचारायचं, मी तुला हात लावला का? नाही. वास आला का? आला. झालं, गोवर असाच येतो. लस टोचून घ्या आणि खिडक्या उघडा. एका गल्लीत उदबत्ती पेटताच चार आज्यांनी हात जोडले आणि एकीने नारळ आणून ठेवला. हवावाल्यांनी कपाळाला हात लावला. नारळ मात्र फोडून सगळ्यांना वाटला.

ते दिवस देशाची दारं उघडण्याचे होते. आता सगळं खुलं होणार, असं पेपरात रोज यायचं. नेमक्या त्याच वर्षी नल्लकुंट्यातल्या एका मराठी शाळेने आपल्या सगळ्यात मोठ्या खोलीच्या खिडक्या फळ्या ठोकून बंद केल्या. शाळेत दोन कॉम्प्युटर आले होते आणि कॉम्प्युटरसाठी एसी. मुलांनी बूट बाहेर काढून, पाय पुसून आत जायचं. बूट आत गेले तर कॉम्प्युटरला व्हायरस होतो, असं विक्रेत्याने मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं होतं, आणि बाई ते सोवळ्यासारखं पाळत. पाचवीचा अख्खा वर्ग त्या खोलीत, दार लावून, दोन यंत्रांकडे बघत बसायचा.

अशात शाळेमागच्या सरकारी क्वार्टर्समध्ये एका तान्ह्या बाळाला गोवर निघाला. तिथली चार मुलं पाचवीत होती, चौघं धडधाकट. त्यांतली एक हवावाल्यांची धाकटी मुलगी. बाईंनी माझा फलक वाचला आणि चौघांना व्हरांड्यात वेगळ्या बाकावर बसवलं. पाण्याला वेगळे पेले दिले. फलक त्यांच्या डोक्यावर लावला. मुलीने घरी येऊन वडिलांना विचारलं, मला गोवर झालाय का? आणि झाला नसेल तर मला कुणी हात का लावत नाही?

दुसऱ्या दिवशी हवावाले मला ओढतच शाळेत घेऊन गेले. आपलं साहित्य लोकांनी किती मनावर घेतलंय ते बघा, म्हणाले.

बाई तशा वाईट नव्हत्या. त्यांनी चहा मागवला. बाप मुलीसाठी विनवायला आला आहे असं समजून त्यांनी धीर दिला: साथ ओसरली की मुलीला आत घेऊ, आम्ही तर सरकारी सूचनाच पाळतोय. हवावाले उठले आणि त्यांनी कॉम्प्युटरच्या खोलीचं दार सताड उघडलं. आत शाळेच्या सेक्रेटरींचा नातू लाल डोळ्यांनी, नाक ओढत खोकत होता.

"बाई, माझ्या मुलीला आत घ्या म्हणायला मी आलेलो नाही," हवावाले म्हणाले. "ती बाहेर ठीक आहे. आतल्यांना बाहेर काढा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फलक चुकीचा आहे, एवढे तीन शब्द मला म्हणायचे होते. मी म्हणालो, साहेबांना विचारून कळवतो.

"हौ, पूछ लेओ," हवावाले मला म्हणाले. "तब तक गोवर रुकता ना."

गोवर थांबला नाही. पंधरा दिवसांत त्या खोलीतली निम्मी मुलं तापाने फणफणली. सेक्रेटरींच्या नातवाला न्यूमोनिया झाला आणि तो आठवडाभर दवाखान्यात होता. वाचला, पण सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हवावाले सायकलवर घरोघर जात, पोर तपासत, खिडक्या उघडत. त्यांची पाठ फिरली की लोक खिडक्या पुन्हा लावून घेत.

मग पालकांची सभा झाली. हवावाल्यांनी ती मैदानात घ्यायला लावली. मी साहेबांना न विचारता नवा फलक लिहून नेला होता, त्यात 'हवेतून' होतं. आता त्याचा उपयोग नव्हता. रोग शाळेत आणला कुणी, असं एका पालकाने विचारलं आणि सगळ्या माना व्हरांड्याच्या बाकाकडे वळल्या. हवावाल्यांनी हजेरीपट मागवला. आजारी मुलांची नावं एकेक करून वाचली. सगळी बंद खोलीतली. मग त्यांनी व्हरांड्यातल्या चौघांना पुढे बोलावलं. चौघं रांगेत उभी राहिली. एकाच्याही अंगावर पुरळ नव्हतं. त्यांची मुलगी टोकाला होती, हात पाठीमागे बांधून.

बाईंनी चौघांकडे पाहिलं, हजेरीपटाकडे पाहिलं, पुन्हा चौघांकडे पाहिलं. त्यांचा गोंधळ अगदी प्रामाणिक होता, आणि त्या गोंधळातच भर सभेत त्या मोठ्यांदा बोलून गेल्या:

"असं कसं झालं? आम्ही तर यांना शिवलोसुद्धा नव्हतो."