शिशाची नळी

मी प्लंबर, आणि माझ्या जोडीला माझा धाकटा भाऊ. सख्खा. त्याला पाना धरायला मी शिकवलं, म्हणून त्याचं सगळं कसब माझंच, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगतो. खरं तर त्याचा हात माझ्यापेक्षा साफ. भिंतीतली गळती नुसता कान लावून ओळखतो. बोलणं मात्र तोलूनमापून. तोंडाचं काम माझ्याकडे.

परवा एका रिटायर्ड शिक्षिकाबाईंच्या स्वयंपाकघरात सिंकखालची फरशी आम्ही उचलली होती. कडेवर सहा महिन्यांची नात घेऊन बाई बघत होत्या. म्हणाल्या, "प्लंबर शब्द कुठून आला, माहितेय? लॅटिनमध्ये शिशाला प्लंबम म्हणतात. रोमन लोक शिशाच्या नळ्या घालायचे. त्यावरून तुमचं नाव पडलं."

माझी कॉलर ताठ! सातवी पास माणूस, आणि धंद्याचं घराणं थेट रोमचं!

बाई पोरीला झोपवायला आत गेल्या. धाकट्यानं जमिनीतली जुनी नळी चाकूनं खरवडली. चांदीसारखी चकाकली.

"दादा, शिसंच आहे हे. काढून टाकू."

"गप रे! आपल्या धंद्याचा खापरपणजोबा आहे तो. रोमवाले हेच पाणी पिऊन राज्य करत होते."

बाई आल्यावर मी नळी फडक्यानं पुसून दाखवली. "बघा बाई, अस्सल रोमन माल!" त्या खळखळून हसल्या. मी नवा नळ जोडला आणि फरशी बसवून टाकली.

घरी जेवताना धाकटा एवढंच म्हणाला, "दादा, त्या पोरीचं दूध कुठल्या पाण्यात कालवत असतील रे?"

शिसं लहान पोरांना बाधतं, हे त्याला शिकवणारा मीच. बढाईच्या नादात मीच ते गिळून बसलो होतो. "उद्या बघू," म्हणालो खरा, पण ताट सारून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंकडे पोचलो, तर फरशी उघडी आणि धाकटा गुडघे टेकून नळी कापतोय.

"बरं झालं, तुम्ही आठवणीनं यांना पाठवलंत," बाई म्हणाल्या. "मोठ्या मनाचे आहात हो."

धाकटा वर बघेना.

"मी नाही पाठवलं, बाई. हा कालच सांगत होता, मी त्याला गप्प केलं. मला सगळं ठाऊक होतं. पोरीला डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासून घ्या."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पोरीला उचललं आणि पायात चपला सरकवल्या.

दार लागलं. मी तसाच उभा.

"दादा," धाकटा म्हणाला, "ते टोक धर."