तीन लिटर पाणी आणि मामांची बस

कामावर पाणी प्यायचं नाही, हा मामांचा बावीस वर्षांचा नेम. बस चालवणाऱ्याने पाणी प्यावं आणि जावं कुठे? शेवटच्या थांब्यावर कंपनीने जाहिरातीचा फलक लावला, भलंमोठं घड्याळ लावलं, पण मुतारीसाठी चार पत्रे उभे करायचे म्हटलं की कंपनीकडे पैसे नसत. मामा सकाळी अर्धा कप चहा घेत आणि मग तोंड उघडत ते फक्त प्रवाशांवर ओरडायला.

एके दिवशी पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजला, आणि त्याच आठवड्यात कमरेत अशी कळ आली की मामा मांजरासारखे ओरडले.

"मूतखडा आहे, आणि अंगठ्याला गाऊट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कलेजी बंद, बिअर बंद, मटण नावापुरतं, पालक जपून, मीठ कमी. आणि रोज तीन लिटर पाणी."

"बाकी सगळं सोडतो. पाण्याचं तेवढं बघा ना जरा कमी."

"भाजी घ्यायला आलायत का, घासाघीस करायला?"

बायकोने दोन मोठ्या बाटल्या भरून दिल्या. पाणी, लिंबू, बास. "झाडाला ओतलंत तर मला कळेल," तिने बजावलं.

झालं! बस रोज अर्ध्या वाटेत एका सलूनसमोर थांबू लागली, कारण तिथे संडास होता. प्रवासी आधी चिडले, मग सरावले. एक काकू तर म्हणाल्या, "मामा, आमच्याकडे या की! संडासात नव्या फरश्या बसवल्यात."

पण अकरा मिनिटांच्या उशिराची तक्रार वर गेली. डेपोचे साहेब म्हणाले, "उद्या मी स्वतः बसतो. गाडी वाटेत थांबली, तर परवापासून तुम्ही डेपोत बस धुवायला."

मामांचा चेहरा उतरला. स्टिअरिंग म्हणजे त्यांचा जीव.

"आजचा दिवस पिऊ नका," दुसऱ्या दिवशी कंडक्टरबाई कुजबुजली.

"आणि परत कळा आल्या तर तू माझं बाळंतपण करणार?" मामांनी बाटली तोंडाला लावली. दुसरी, माणुसकी म्हणून, घामाघूम साहेबांपुढे धरली. साहेबांनी ती घटाघट संपवली.

पुलापर्यंत साहेब वहीत वेळा टिपत होते. पुलानंतर त्यांनी पायावर पाय टाकला. मग दुसरा पाय.

"शेवटचा थांबा किती लांब?"

"चाळीस मिनिटं."

"तिथे... सोय आहे ना?"

"घड्याळ आहे, साहेब."

दोन खड्डे गेले. तिसऱ्याला साहेब किंचाळले, "थांबवा गाडी!"

"नियम तुमचाच. लेखी द्या."

साहेबांनी तिकिटाच्या मागे लिहिलं, 'गाडी थांबवावी', आणि सही ठोकली. सलूनच्या संडासाच्या दाराशी दोघे एकदमच पोचले, एक लंगडत, एक उड्या मारत.

"सेवाज्येष्ठता, साहेब," म्हणत मामांनी आतून कडी लावली.

महिन्याभरात त्या घड्याळाखाली चार पत्रे उभे राहिले. तिकीट स्टिअरिंगजवळ चिकटवलेलं आहे. मामा अजून बसच चालवतात.