बाळ ठाण्यात, बाळंतीण कोपरला

या ग्रुपवर मी आजवर फक्त भांडायला आलेली आहे. कुणी पिंपळावरची बाई लिहिली की खाली जाऊन "फोटो टाका" म्हणणारी ती मीच. वागळे इस्टेटमध्ये एका रंगाच्या कंपनीत टेस्टिंगला आहे. पास तर पास, नापास तर नापास, मधलं काही नाही. दृष्ट, नवस, अमावस्या हे आमच्या घरात आईचं खातं. मी तेव्हाही मानत नव्हते, आजही मानत नाही. तरी लिहितेय, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि तेही भरदुपारी. हसायचं असेल त्यांनी हसून घ्या, मीही इतकी वर्षं तुम्हाला हसलेच आहे.

आम्ही कोपरला राहतो, पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर. घरात आई, मी, धाकटा भाऊ मंदार आणि त्याची बायको स्नेहल. स्नेहलची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच करायचं ठरलं. डोंबिवलीतल्या एका मॅटर्निटी होममध्ये मुलगी झाली... छान, वजनदार. आणि दुसऱ्या दिवसापासून ती थरथरायला लागली.

ते रडणं कानात घुसायचं. हात-पाय कापायचे, दूध तोंडात धरून सोडून द्यायची, सारख्या शिंका, सारख्या जांभया. तिथल्या डॉक्टरांनी ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायला सांगितलं. मंदार बाळाबरोबर ठाण्याला गेला, आणि डिस्चार्ज मिळाल्यावर स्नेहलला आम्ही घरी आणलं.

इथे आई आडवी आली. "ओली बाळंतीण आहे ती. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही." झालं! कान बांधले, खाटेखाली शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली. ज्या बाळासाठी हे सगळं करायचं ते ठाण्यात, आणि शेक-शेगडी कोपरला. स्नेहल भिंतीकडे तोंड करून पडलेली. घाम, अंगावर काटा, सारख्या शिंका, जांभया, पाय एका जागी ठरेनात. आई म्हणाली, बाळंतवात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाहेरचं लागलंय दोघींना. विठ्ठलवाडीला एक जण आहेत, बाळाचं नुसतं झबलं दाखवलं तरी सांगतात."

"काकू, झबलं मी धुवायला टाकलंय," मी म्हटलं. काकू रागावून गेल्या त्या गेल्याच.

मी रजा टाकलेली. दुपारी स्नेहलला अळिवाची खीर भरवत होते. ती इतकी कापत होती की चमचा दातांवर वाजत होता. आणि एकदम थांबली. सगळं अंग सैल पडलं, खांदे खाली आले.

"घेतलं तिला कुणीतरी," ती म्हणाली.

"कुणाला?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. मंदार. "ताई, आत्ता जरा गप्प झालीय गं. नर्सने उचलून छातीशी धरली ना, तशी लगेच!"

योगायोग, मी स्वतःला म्हटलं. पण पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा. आता मी टेस्टिंगवाली बाई... मला राहवेना. स्नेहलचा फोन माझ्या कपाटात कुलपात ठेवला. मंदारला सांगितलं, कॉल करायचा नाही, बाळ शांत झालं की फक्त मला मेसेज टाकायचा. माझा फोन सायलेंटवर करून स्वयंपाकघरात ठेवला. स्नेहल निवळली की उठायचं, आत जायचं, बघायचं. दर वेळी मेसेज येऊन पडलेला असायचा. एकदाही चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताडकन उठून बसली. "उजवा हात सुटलाय तिचा! गुंडाळा ना तिला कुणीतरी, तोंड ओरबाडेल!"

मी मंदारला फोन लावला. तो एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूच्या, बाहेर बाकावर बसलेला. "आत जाऊन विचार, बाळाचा हात दुपट्यातून बाहेर आलाय का." तो कुरकुरत गेला. परत फोनवर आला तो धापा टाकत.

"ताई, तुला कुणी सांगितलं? उजवा हात बाहेर होता. गालावर ओरखडा आलाय."

मी घाबरले. आणि घाबरले की मला राग येतो. आईला शेजारी धाडलं, दार लावलं आणि स्नेहलसमोर बसले.

"शिंका तिला, शिंका तुला. जांभया तिला, जांभया तुला. कापताय दोघी. भूतबीत काही नाही, हा एकच आजार आहे. काय घेत होतीस तू?"

तिने रडत रडत सगळं सांगितलं. लग्नानंतर कंबरेची नस दबलेली, तेव्हा डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी स्ट्राँग पेनकिलर दिलेली. दिवस संपले, गोळी सुटली नाही. केमिस्टकडे जुनी चिठ्ठी दाखवली की मिळायची. दिवस राहिल्यावर तिने सोडून बघितली, तर अंग असं फुटायला लागलं की पुन्हा सुरू केली. तपासणीला जाताना दर वेळी सांगायचं ठरवायची, पण शेजारी सासू बसलेली असायची. शेवटची स्ट्रिप मॅटर्निटी होममध्येच संपली.

"ताई, ह्यांना नका सांगू. मला गर्दुल्ली म्हणतील सगळे."

आणि तिकडे डॉक्टरांनी मंदारला विचारलेलं, आईला काही औषधं चालू होती का? त्याने छाती ठोकून सांगितलं, फक्त लोह आणि कॅल्शियम. साखर नॉर्मल, इन्फेक्शनचं काही सापडेना. संध्याकाळी बाळाच्या कण्यातलं पाणी काढून तपासणार होते. त्या एवढ्याशा पाठीत सुई!

"ऊठ. गाऊनवर ओढणी घे," मी म्हटलं आणि कॅब बोलावली.

दारात आई भेटली. "अगं, वेड लागलंय का तुला? ओल्या अंगाने तिला ठाण्याला नेतेस? लोक काय म्हणतील?"

"आई, तिथे बाळ कापतंय, इथे ही कापतेय आणि तू शेगडीत कोळसे घालतेस. लोकांना काय म्हणायचंय ते म्हणू दे. बाजूला हो." आयुष्यात पहिल्यांदा मी तिला बाजूला हो म्हटलं, आणि ती झाली.

डॉक्टरीणबाईंना स्नेहलने स्वतः सांगितलं. मंदारच्या देखत सांगितलं. मी फक्त तिचा हात धरून उभी होते. मंदारचा चेहरा पांढरा पडला, पण त्याने खुर्ची ओढून तिला बसवलं. डॉक्टर चिडल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत. निदान आता काय आहे ते कळलं." पोटात असताना आईच्या रक्तातून बाळाला गोळीची सवय लागते, नाळ कापली की गोळी एकदम बंद होते, आणि मग हे असं होतं. यावर उपचार आहेत. दिवे मंद, आवाज कमी, नीट गुंडाळून ठेवायचं, लागलं तर औषधाचे अगदी छोटे डोस देऊन हळूहळू कमी करायचे. स्नेहलला मात्र दम भरला. "गरोदरपणी सांगितलं असतं तर आम्ही आधीपासून तयारीत राहिलो असतो. आणि अशी गोळी मनाने एकदम बंदही करायची नसते, त्यातही धोका असतो. आता तुमचीही ट्रीटमेंट सुरू करू." मग म्हणाल्या, "आणि बाळाला आईची कूस हवीय. तुम्ही होतात कुठे इतके दिवस?"

मी स्नेहलला उठवलं आणि आत नेलं.

कण्यातली सुई टळली. बाळाला स्नेहलच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून दुपटं घातलं. चमत्कार वगैरे झाला नाही. ती कापत होती, किंचाळत होती. पण बऱ्याच वेळाने तिने आईच्या मानेत नाक खुपसलं आणि झोपली. बरी व्हायला पुढे काही आठवडे गेले. औषध द्यावं लागलं, ते कमी करताना पुन्हा थरथर झाली, पुन्हा डोस बदलला. स्नेहल रोज तिथेच होती, कान न बांधता.

आणि त्या दिवसापासून तिला दुरून काहीही कळेनासं झालं. मी मुद्दाम बघितलं ना! आत बाळ रडत असताना ती बाहेर शांतपणे चहा पीत होती. "काही जाणवतंय?" विचारलं तर म्हणाली, "नाही हो. रडतेय का ती?" आणि चहा टाकून धावली.

डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. त्या हसल्या, "आयांना कळतं." हे उत्तर मला मान्य नाही. मी बाजूच्या खोलीत तापाने फणफणले तरी माझ्या आईला सकाळी कळतं. दोघींची गोळी एकाच सुमारास बंद झाली, म्हणून कापणं सारखं, इथवर ठीक. पण नर्सने बाळाला उचललेलं कोपरला कसं कळलं? उजवा हात कसा कळला? स्नेहलला विचारलं, तर म्हणते, "माझाच हात गार पडला होता, ताई." याला स्पष्टीकरण नाही. टेलिपथीवाल्यांनी आणि योगायोगवाल्यांनी खाली खुशाल भांडा, मला दोन्ही पटत नाही. फक्त तिला गर्दुल्ली कुणी लिहिलंत तर गाठ माझ्याशी आहे. ज्या गोष्टीचं स्पष्टीकरण होतं, तीच लपवून आम्ही बाळाला घालवून बसलो असतो.

बारसं उशिराच झालं. पाळण्याभोवती बायका जमलेल्या, माझ्या मामींनी आईला हळूच कोपऱ्यात घेतलं. "काय झालं होतं हो नक्की? बाहेरचं काही?" स्नेहलने ते ऐकलं, तिचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच बोलली, चारचौघींना ऐकू जाईल अशी.

"बाहेरचं कसलं? सुनेला कंबरदुखीच्या गोळीची सवय लागलेली, ती पोटातल्या बाळाला लागली. आणि मी बाळाच्या आईलाच घरात कोंडून ठेवलेलं. आता औषधं झालीत, दोघी बऱ्या आहेत. पेढा घ्या."