वीज मंडळाचा माणूस

विषय : मौजे कॅरी, नॉर्थ कॅरोलिना येथील खंडित वीजपुरवठा पूर्ववत करताना माझ्याकडून झालेल्या घोळाबाबत.

संदर्भ : सूनबाईंनी जेवणाच्या टेबलावर तोंडी मागवलेला खुलासा.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते की... नाही, हे असं जमायचं नाही. सगळा जन्म मसुदे लिहिण्यात गेला, त्यामुळे पेन हातात घेतलं की ते आपलं आपणच 'उपरोक्त' लिहून मोकळं होतं. तुम्ही चहा ओतून घ्या आणि बसा. माझी फजिती ऐकायला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. कॅरीतल्या निम्म्या मराठी घरांनी ती माझ्याआधी दुसऱ्यांकडून ऐकली आहे, आणि त्यांच्या आवृत्तीत मी विजेच्या खांबावर चढतो. तेवढं खोटं आहे. बाकीचं, दुर्दैवानं, खरं.

मी वीज मंडळात होतो. तक्रार विभागात कारकून. विजेशी माझा प्रत्यक्ष संबंध टेबलावरच्या पंख्यापुरता. घरचा फ्यूज उडाला की शेजाऱ्याला हाक मारायचो. पण निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत आलो आणि इथल्या लोकांना 'हे वीज मंडळात होते' एवढंच सांगितलं गेलं. कारकून हा शब्द विमानात कुठेतरी राहिला. मीही तो शोधायला गेलो नाही.

डिसेंबरातली गोष्ट. सूनबाई दवाखान्यात, नुकतीच मोकळी झालेली, मुलगी झालेली, आणि निखिल, म्हणजे आमचा मुलगा, तिच्याजवळ. घरी आम्ही दोघंच. त्याच दिवशी पाऊस सुरू झाला आणि पडता पडता गोठायला लागला. तुम्ही म्हणाल, बर्फ. बर्फ नव्हे हो, बर्फ परवडला. झाडाच्या प्रत्येक पानावर, तारेवर, टपालपेटीवर काचेचा थर. मग त्या काचेच्या वजनानं पाइनची झाडं कडाकड मोडून तारांवर पडायला लागली. आकाशात कुठेतरी हिरवट उजेड भपकन झाला आणि घरातलं सगळं बंद पडलं. दिवे, हीटर, चुलीसकट. इथे चूलसुद्धा विजेवर.

आम्ही होते तेवढे कपडे अंगावर चढवले आणि त्यावर रजया घेऊन बसून राहिलो. मागच्या लाकडी डेकवर निखिलची गॅसची शेगडी होती, जिच्यावर तो शनिवारी कोंबड्या भाजतो. आमच्या सौ.नं ती आधी तीनदा घासली आणि मग तिच्यावर आल्याचा चहा केला.

फोन तेवढा चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी निखिलचा फोन आला. आवाजावरून झोपला नव्हता. म्हणाला, "बाबा, उद्या डिस्चार्ज देतायत. हॉटेलं सगळी फुल आहेत. बाळाला थंड घरात कसं आणायचं?"

इथे मी काय म्हणायला हवं होतं? 'बघू' म्हणायला हवं होतं. सगळं आयुष्य मी लोकांना 'बघू' म्हणत आलो. पण आजोबा होऊन एकच दिवस झाला होता, आणि डोळ्यांसमोर नात थंडीनं कुडकुडताना दिसत होती. मी म्हणालो, "काळजी करू नकोस. उद्यापर्यंत लाइट येईल. मी बघतो. अरे, मी वीज मंडळातला माणूस."

फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, "बघणार म्हणजे काय करणार?"

आता काय करणार ते मलाही माहीत नव्हतं. पण एक गोष्ट ठाऊक होती. आपल्याकडे लाइनमन आला की त्याला पहिला चहा ज्याच्या घरचा, त्याच्या घरची लाइन पहिली. हा नियम कुठल्या परिपत्रकात नाही, पण परिपत्रकांपेक्षा जास्त पाळला जातो. मी थर्मास भरून घेतला, माकडटोपी घातली, वरून निखिलचं सायकलवर घालायचं भडक नारिंगी चमकत्या पट्ट्यांचं जाकीट चढवलं, कारण उबदार तेवढंच उरलं होतं, आणि झाडीतल्या पायवाटेनं लायब्ररीकडे निघालो. तिथल्या मोठ्या रस्त्यावर विजेवाल्यांचे ट्रक उभे आहेत, असं शेजारीण सांगून गेली होती. घसरू नये म्हणून एका झाडाला सोडून दुसरं धरत जाणारा मी लांबून कसा दिसत असेन, याचा विचार आता करवत नाही.

ट्रक होते. अलाबामाहून आलेले. तिथून रात्रभर गाडी चालवत आले होते आणि आल्या आल्या त्या मोठ्या रस्त्यावरच्या तारांच्या कामाला लागले होते, ते अजून लागलेलेच होते. एक जण खांबाला टेकून उभ्यानंच झोपला होता, हातात अर्धवट खाल्लेलं सँडविच. त्यांचा मुकादम डेल नावाचा, चांगला आडमाप गडी, पण डोळे असे लाल की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. बोटांच्या पेरांना भेगा पडून त्यावर चिकटपट्ट्या लावलेल्या. मी त्याला चहा दिला. त्यानं तो न विचारता प्यायला, मग कपात बघितलं, आणि आणखी मागितला.

मग मी माझी ओळख सांगितली. वीज मंडळात होतो, ऑफिसात, आता रिटायर झालोय.

तो म्हणाला, "देवा, आलास एकदाचा. पहाटेपासून तुझी वाट बघतोय."

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. परगावाहून आलेल्या टोळीला इथले रस्ते कुठून ठाऊक असणार? म्हणून इथली कंपनी प्रत्येक टोळीला एक वाटाड्या देते. तारा ओढायला माणसं कमी असतात, तेव्हा वाटाड्या म्हणून ऑफिसातले कारकून, रिटायर झालेले म्हातारे, असे धाडतात. डेलचा वाटाड्या निघाला होता, पण त्याची गाडी कुठल्याशा खड्ड्यात गेली होती आणि हे कुणी डेलला कळवलं नव्हतं. आणि नेमक्या त्या वेळी मी उगवलो. म्हातारा, ऑफिसातला, वीज मंडळाचा, वर पट्ट्यांचं जाकीट. मी एका अक्षरानं खोटं बोललो नव्हतो. माझी आजवरची सगळ्यात वाईट कामं अशीच झाली आहेत.

गैरसमज दूर करायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यानं ट्रकचं दार उघडलं आणि आतल्या हीटरची ऊब माझ्या तोंडावर आली.

तुम्ही न्याय करा. कालपासून ज्याचं नाक बधिर आहे अशा माणसानं त्या क्षणी सत्य सांगायचं की आत बसायचं?

मी आत बसलो.

बसल्यावर विचार केला की यात वाईट काय आहे? यांना वाटाड्या हवा, मला लाइट हवी. वाट आमच्या घराचीच दाखवू. डेलनं मला कुठून सुरुवात करायची ते विचारलं, मी आमच्या गल्लीचं नाव सांगितलं, मेपल ग्लेन लेन. त्याच्या यादीत ते नाव होतंच. नकाशा होता, पण फॅक्सवरून आलेला, त्यात रस्ते आणि डाग सारखेच काळे. तो म्हणाला, तू सांगशील तसं नेतो.

इथे एक लहानसा तांत्रिक मुद्दा उपस्थित होतो. मला रस्ते ठाऊक नव्हते.

आम्हा आईबापांना इथे गाडी चालवता येत नाही. मुलगा चालवतो, आम्ही मागे बसून त्याला भाव सांगतो, इकडे भेंडी काय दरानं आणि तिकडे काय. माझ्या पायाला एकच वाट माहीत होती, झाडीतली, आणि तिच्यावरून ट्रक जात नव्हता. त्यातून गल्ल्यांच्या पाट्यांवर काचेचा थर, काही पाट्या झाडांखाली. आणि घरं? सगळी एका साच्यातली, उसन्या वाटीसारखी, कुणाची कोणती ओळखूच येऊ नये. पण चौकशीच्या खिडकीवर बसलेला माणूस कधी 'माहीत नाही' म्हणतो का? मी ठाम आवाजात "डावीकडे" म्हणालो. मग "उजवीकडे". दोन्ही वेळा डेलनं मान डोलावली. इतक्या विश्वासानं माझं ऑफिसात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

अशी बरीच वळणं झाली. आणि एका गल्लीच्या तोंडाशी मला आकाशकंदील दिसला.

गल्लीच्या पार टोकाला, एका पोर्चमध्ये, केशरी कापडाचा, खाली हिरव्या काठाच्या झिरमिळ्या. माझ्या हातचा. सौ.च्या जुन्या साडीचा मी दिवाळीत केला होता. दिवाळी होऊन महिना उलटला, पण निखिलला तो काढायचा कंटाळा, म्हणून लटकत राहिलेला. अख्ख्या नॉर्थ कॅरोलिनात डिसेंबरात आकाशकंदील टांगून ठेवणारं घर आमच्याशिवाय कुणाचं असणार? मी म्हणालो, "हीच."

काम सोपं नव्हतं. एक खांब मधोमध मोडलेला, तारांवर तीन झाडं आडवी. करवती सुरू झाल्या. गल्लीत दोऱ्या बांधल्या, आणि दोऱ्यांच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही असा नियम, तेव्हा मी ट्रकमध्येच. पण रिकामा बसलो नाही. वायरलेसवर कुणी बोललं की डेलला हाक मारायची, कुणी हात शेकायला आला की हीटर वाढवायचा, थर्मासातला चहा झाकणात ओतून पुरवायचा. दुपार कधी झाली आणि अंधारून कधी आलं, कळलं नाही. ती पोरं ट्रकच्या लांब हाताला लावलेल्या टोपलीत वर उभी राहून काम करत होती, खाली उतरली की दोन मिनिटं बसत, आणि उठताना गुडघे धरत. त्यांच्यापेक्षा दुप्पट वयाचा मी, पण उठताना आमचा आवाज एकच निघत होता.

घर समोर दिसत होतं. मनात आलं, डेलला सांगून दोऱ्यांच्या कडेनं जावं आणि सौ.ला कळवावं. पण म्हटलं, नको. दिवे लागल्यावरच दारात उभं राहायचं. काही बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं.

शेवटी एकाचा वर हात गेला, कुठेतरी खट्ट झालं, आणि सगळी गल्ली उजळली. खिडक्या, दारांवरचे दिवे, आणि टोकाला तो आकाशकंदील. कुणी आत दिवा तसाच चालू ठेवला असणार. केशरी उजेड सगळीकडच्या काचेवर पडला. लोक दारात येऊन टाळ्या वाजवायला लागले. डेलनं वायरलेसवर कळवलं, मेपल ग्लेन लेन पूर्ण.

मी डेलला म्हणालो, ते माझं घर, चल, माझ्या बायकोला भेट. तोही आला. बिचारा इतका दमला होता की कुणी चल म्हटलं की चालत होता. मी घंटा दाबली. दार उघडलं. दारात डॉक्टर सबनीस, अंगात गाऊन, डोक्याला मफलर.

डॉक्टर सबनीस म्हणजे इथले सगळ्यात जुने मराठी गृहस्थ, आता निवृत्त. मला वाटलं, सौ.ची तब्येत बिघडली, म्हणून हे आले.

मी घाबरून विचारलं, "डॉक्टर, तुम्ही इथे कसे?"

सबनीस म्हणाले, "मी इथे राहतो, जोगळेकर."

तेव्हा मला आठवलं. साडी मोठी होती. कंदील दोन झाले होते. दुसरा मी भाऊबीजेला स्वतःच्या हातानं सबनिसांच्या पोर्चमध्ये बांधून दिला होता, कौतुक करून घ्यावं म्हणून. त्यांनी तो काढला नव्हता, कारण शिडी चढायला त्यांचे गुडघे नव्हते.

डेलला सगळं इंग्रजीत सांगायला मला बराच वेळ लागला. सांगून झाल्यावर तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "सर, तुम्ही त्या वीज मंडळात किती वर्षं होतात?"

"तेहतीस."

"आणि तिथे लोकांकडे लाइट यायची?"

"अधूनमधून," मी म्हणालो.

त्याला हसू आलं, पण हसायची ताकद उरली नव्हती, नुसते खांदे हलले. त्यांचे कामाचे तास संपले होते. नियमच आहे, तेवढे तास झाले की झोपायला जायचंच, नाहीतर माणूस वर टोपलीत झोपतो. मी त्याला थांब तरी कुठल्या तोंडानं म्हणणार?

सबनिसांनी निखिलला फोन केला. निखिलनं कंपनीला फोन लावला. तिथल्या यंत्रानं गोड आवाजात सांगितलं, तुमच्या गल्लीचा पुरवठा पूर्ववत झाला आहे, आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार. तक्रार निकाली. नवी नोंदवा, म्हणजे रांगेच्या शेवटी लागेल.

नात दुसऱ्या दिवशी घरी आली ती सबनिसांच्या. आम्ही सगळेच तिथे. उबेला, उजेडात. सबनीसकाकूंनी बाळंतिणीला अळिवाचे लाडू केले, आणि सबनिसांनी येणाऱ्या प्रत्येकाला हा किस्सा सांगितला. दिवे लावण्यावरून जो विनोद तुमच्या मनात आलाय तो प्रत्येकानं केला, म्हणून मी इथे करत नाही. सूनबाई मात्र बाळाला थोपटत म्हणाली, "बाबा, एक सांगू? तुम्ही त्या ट्रकमध्ये बसला नसतात, तर कदाचित सबनिसांकडेही आज लाइट नसती, हे मान्य. पण आईंना दिवसभर एकटं कुणी ठेवलं, त्याचा खुलासा लागेल."

सौ. दिवसभर रजईत बसून माझी वाट बघत होती, आणि अंधार पडल्यावर तिनं शेजारणीला माझं वर्णन देऊन पोलिसांना फोन करायला लावला होता. वर्णनात नारिंगी जाकीट होतं. पोलिसांनी सांगितलं की असे आज गावभर आहेत.

आमच्या घरची वीज पुढे यथावकाश आली. दुसरी टोळी, दुसरा वाटाड्या.

आता उन्हाळा लागतोय. झाडांना पानं आली आहेत, पाट्या स्वच्छ वाचता येतात. नातीला बाबागाडीत घालून मी एकट्यानं लायब्ररीपर्यंत फिरवून आणावं, अशी परवानगी मिळण्याबाबत मी सूनबाईंकडे अर्ज केला आहे. निखिलनं त्यावर 'आईचा अभिप्राय घ्यावा' असा शेरा मारला. सौ.नं अभिप्राय देण्यापूर्वी मला घराचा पूर्ण पत्ता तोंडपाठ म्हणून दाखवायला सांगितलं. मी म्हटला. घरनंबर चुकला.

अर्ज प्रलंबित आहे.