ताराच्या पायजम्यातल्या दुमडी

परवा साताऱ्यात, मुलींच्या बोर्डिंगच्या ओसरीवर, एका बाईंनी माझ्या अंगाला पायजमा लावून पाहिला. आजूबाजूला पोरी तोंडाला पदर, ओढणी, जे मिळेल ते लावून हसत होत्या. आणि पायजमा माझा नव्हताच... भाचीचा होता.

सांगतो. माझी थोरली बहीण, आक्का, कवठे महांकाळजवळ एका खेड्यात असते. दाजी पलटणीत, लढाई लागल्यापासून बाहेरच. त्यांची तारा यंदा सातवी पास झाली आणि तिला साताऱ्याला ठेवून मॅट्रिकपर्यंत शिकवायचं आक्काच्या मनानं घेतलं. गाव म्हणालं, बाईचं डोकं फिरलं. तिकडं सातवी पास पोरगी म्हणजे लग्नाची पोरगी.

त्यात बोर्डिंगचा निरोप आला, कवायतीसाठी मुलीला पायजमा हवा. आमच्याकडं पायजमा मास्तरांनी घालावा, फार तर बँडवाल्यानं. गावच्या शिंप्यानं तर पोरीची विजार म्हटल्यावर हातच जोडले. आक्का म्हणाली, मीच शिवते.

कापड कंट्रोलचं, मोजून मिळणारं, जाडंभरडं मांजरपाट. तेही तिनं कसं मिळवलं तिलाच ठाऊक. कापताना चुकलं तर दुसरं मिळायचं नाही. मी तेव्हा नेमका तिच्याकडं टेकलो होतो. त्याआधी फलटणला गुऱ्हाळावर होतो, तिथनं मन उडालं... पण ते राहू दे.

आक्कानं मला भिंतीला उभं केलं आणि चक्क माझं माप घेतलं. तारा जेमतेम माझ्या खांद्याला लागते. मी म्हटलं, आगं आक्का, घालणार कोण, ती का मी?

ती दातानं दोरा तोडत म्हणाली, "ती काय आत्ता हाय तेवढीच ऱ्हाणार हाय व्हय?"

सगळं हातशिलाईनं. मग माझ्या मापाचं ते लांबलचक प्रकरण ताराच्या उंचीला आणायला तिनं पायांत आतून एकावर एक दुमडी घातल्या. कमरेलाही घातल्या. तारानं घालून पाहिलं, चार पावलं चालली आणि रडकुंडीला आली. "आये, पोत्यात पाय घातल्यागत वाटतंय गं." मी हसलो तर आक्कानं मापाचा लाकडी गज फेकून मारला. कापडाला कात्री लावायची न्हाई, एवढंच बोलली.

गुरं आणि म्हातारा सासरा सोडून तिला निघता येईना, म्हणून पोरीला पोचवायचं काम माझ्याकडं आलं. मिरजेला गाडी बदलायची होती, मध्ये बराच वेळ. तारा हळूच म्हणाली, "मामा, हितं मशीनवाला शिंपी असंल. त्या दुमडी कापून नीट करून घेऊ की. आयला न्हाई कळायचं."

मलाही पटलं. पोरीला पहिल्याच दिवशी कुणी हसायला नको. निघालो शिंपी शोधायला... आणि वाटेत तंबोरे करणाऱ्यांची गल्ली लागली. दारादारात वाळत घातलेले हे एवढाले भोपळे. एक म्हातारबाबा भोपळ्यावर हस्तिदंती पट्टी बसवत होते, श्वास रोखून. मी तिथंच उकिडवा बसलो. तारा बाही ओढून दमली. भानावर आलो तेव्हा गाडीची वेळ झाली होती, आम्ही बोचकं घेऊन पळत सुटलो. सातारा रोड स्टेशनापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. सर्व्हिस मोटारीतही नाही.

बोर्डिंगच्या बाई म्हणजे जाड भिंगांचा चष्मा आणि सरळ बोलणं. त्यांनी जागा द्यायला का-कू केली. म्हणाल्या, खेड्यातल्या मुली येतात, दिवाळीला घरी जातात आणि मागनं लग्नाचं बोलावणं येतं. जागा फुकट जाते. यंदा शहराकडच्या एका मुलीला द्यावी म्हणते. मी म्हटलं, आवं बाई, माझी आक्का तसली न्हाई.

"सगळे मामा हेच सांगतात," त्या म्हणाल्या.

तारा खाली बघत उभी. परत न्यायची वेळ आली तर आक्काला काय सांगू, आणि गाव किती दात काढील...

निदान सामान तर बघू, असं म्हणून बाईंनी बोचकं सोडायला लावलं. पायजमा हातात घेतला. त्याच्या पायाच्या शिवणीशी त्यांची बोटं थांबली. एक टाका उसवला तर दुमड सुटली, आत आणखी एक, तिच्या आत आणखी. पायजमा जमिनीला टेकला.

माप कुणाचं, त्यांनी विचारलं. तारानं माझ्याकडं बोट केलं. मग ते अंगाला लावणं झालं, आणि पोरींचं हसणं.

बाई मात्र हसल्या नाहीत. घडी घालत म्हणाल्या, "लग्न झालेली पोर लुगडं नेसते. तिला पायजमा कशाला लागतो? दिवाळीला जिचं लग्न करायचं, तिच्यासाठी कुठली आई एवढं कापड आत दुमडून ठेवील?"

आणि ताराला म्हणाल्या, "जा, हातपाय धुऊन घे. जेवायची वेळ झालीय."

मी ओसरीवर टेकलो. एवढं हलकं गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. थोड्या वेळानं पाहतो तर तारा कुणाकडनं सुईदोरा मागून आणून, खांबाला टेकून, त्या उसवलेल्या दुमडी पुन्हा घालत होती. आईच्याच टाक्यांवर टाका.

लक्ष ठिकाणावर नसतं म्हणून जन्मभर बोलणी खाल्ली. पण मिरजेत शिंपी सापडला असता तर?... त्या भोपळ्यांचे आणि म्हातारबाबांचे उपकार कसे फेडू कळत नाही.

आता कवठ्याला निघालोय, आक्काला सगळं सांगायला. वाटेत कुठंही थांबणार नाही... मिरज सोडून.